साडेतीन पाय

हातात पोस्टकार्डाएवढं कार्ड.
वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली प्रयोग.
चौथा रकाना शेऱ्याचा, तो बहुधा कोराच परत जातो.

शब्द होता आल्प.

खाली शहरात तो फार सोपा होता,
चॉकलेटच्या वेष्टनावर, बँकेच्या कॅलेंडरवर,
पांढरा, टोकदार, आत माणूस नसलेला.
बसमध्येच मी पेन्सिलीनं लिहून टाकलं: डोंगर.

क्रेझेन्झिया इम्बोडेननं कार्ड
हात लांब करून वाचलं.
निवळीच्या कढईखाली एक ओंडका सारला.
"त्या टोकांना आम्ही शिंगं म्हणतो," ती म्हणाली,
"आणि शिंगं कुणी पिळत नाही."

आल्प म्हणजे
गाईचं तोंड जिथवर पोचतं तिथवर.
त्याच्या वर नुसता दगड,
तो पाहायला येणाऱ्यांचा.

मी खोडलं.
कुरण म्हणावं, तर ते राखलेलं.
गायरान म्हणावं, तर ते अख्ख्या गावाचं.
हे कुणाकुणाचं होतं
पण कुठून कुठवर, ते सांगता येत नव्हतं.

तिनं फळीवरून लाकडाची एक चीप काढली,
बोटभर रुंद, धुरानं काळी.
अख्खी खाच म्हणजे एक गाय. अर्धी म्हणजे दोन पाय.
सासऱ्याच्या दोन गाई, आणि मुलं सहा.
"गाय वाटता येत नाही, मेली तरच.
तिचं चरणं मात्र वाटता येतं."
दोघा थोरल्यांना दोन-दोन पाय,
उरलेल्या चौघांना एकेक.
तिचा नवरा धाकट्यांपैकी.

एका पायावर चरायचं कसं?

"सोपं आहे. माझा एक, ओटिलियाचा एक,
दोन थेओडुलचे.
बावीस उन्हाळे अशीच चढली आमची गाय.
एका वर्षी लंगडली,
तर गाव विचारायचं, कुणाचा पाय?
मागचा उजवा, म्हणजे ओटिलियाचा, असं ठरलं.
ती चार दिवस कुणाशी बोलली नाही."

मी प्रयोगाच्या रकान्यात हे सगळं बसवू पाहत होते.
तिथे जागा दीड ओळ.

मग कंपनीची माणसं आली होती, पाळण्याच्या खांबांसाठी.
नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर आमचेच कप ठेवले.
तुमचे चौरस मीटर किती, बाई?
तिच्याकडे मीटर नव्हते.
बरं, तुमचा भाग दाखवा.
तो ओढ्यापाशी होता, आणि वरच्या खडीपाशी,
सकाळी सावलीत, दुपारी जिथे वारा असेल तिथे.
गाय जाईल तिथे तिचा एक चतुर्थांश जात होता.
त्यांनी नकाशा गुंडाळला.
एका कपाची गोल ओली खूण
त्यावर तशीच गेली.

खिडकीबाहेर गवत गुडघ्याएवढं.
ओटिलिया गेली. थेओडुल खाली मुलीकडे.
यंदा वर आलेल्या सतरा गाई, सगळ्या दुसऱ्यांच्या.
कढईतलं दूधही दुसऱ्यांचं, ती मजुरीवर होती.
हे तिनं मी विचारल्यावर सांगितलं,
आणि मग कढई ढवळायला उठली.

"नातीच्या नावावर अर्धा पाय केलाय,
झेलिनाच्या. ती बाझेलला दातांची डॉक्टर आहे.
तिचं पत्र आलं: आजी, याचं मी करू काय?"

मी अर्थासमोर शेवटी काय लिहिलं ते सांगत नाही,
ते ऑफिसात दोनदा बदललं.
शेऱ्यात लिहिलं: मोजमाप पायांत.

दारापर्यंत ती सोडायला आली.
विचारलं, मग नातीला काय कळवलंत?

"लिहिलं, ठेव.
कधी साडेतीन पायांची गाय वर आली,
तर तुझ्यावाचून अडायला नको."