सरकी

मशीन बंद केलंय, मुदस्सर. बोल आता.
आवाज खाली बसला, कापूस मात्र अजून हवेत आहे,
तुझ्या भुवयांवर, माझ्या दाढीत,
कॅलेंडरातल्या कन्नड आकड्यांवर.
अब्बाची गादी पिंजून पाहिजे म्हणून आलास
आणि उंबऱ्यावरच ते वाक्य म्हणालास,
मान जरा उजवीकडं कलवून,
"त्यांना" म्हणायच्या आधी श्वासभर थांबून.

ते थांबणं माझं आहे, पोरा.
संकेश्वरात, स्टँडमागच्या माडीवर
आरशासमोर उभा राहून बसवलं होतं मी ते.
वीस पोरं असायची. तुझा थोरला भाऊ दुसऱ्या रांगेत,
वहीत उतरवून घ्यायचा, निळ्या शाईनं.
शाईचा रंग कशाला ध्यानात राहिला, कोण जाणे.
अकरा वर्षं झाली.
वाक्य घरोघर फिरून, अंगानं भरून
आज माझ्याच दुकानी आलं,
आणि मला चाचा म्हणतंय.

विचारतोस, आत काय केलं तुम्हाला? भ्यालात?
भ्यालो की.
हिंडलग्यात पहिल्या रात्री पोट बिघडलं होतं माझं.
पण भ्यालेला माणूस नुसता गप्प होतो.
मीही चार वर्षं गप्प होतो,
आणि आतल्या आत ते वाक्य घोटत होतो.

त्याच्या आधीचं ऐक.
मोहरमला आमच्या गल्लीत पीर बसायचे,
पुढ्यात आलाव्याचा खड्डा.
निंगव्वा दरसाल चोंगे करून आणायची,
नवऱ्याचा ताप उतरला त्या सालापासूनचा नवस.
त्या वर्षी मी खड्डा दगडांनी बुजवला.
हे आपल्यात नाही, म्हणालो, आणि तू तर आमच्यातलीच नाहीस.
थोरल्या माणसाला असं कुणी बोलत नाही.
ती ताट घेऊन उभी. मग वळली.
माशा बसू नयेत म्हणून ताटावर पदर ओढला तिनं,
तेवढंच.

सुटलो, घरी आलो, तर दाराला कुलूप.
अम्मी पावसाळ्यातच गेलेली.
मला पत्र मिळालं नव्हतं, किंवा कुणी लिहिलंच नव्हतं.
शेवटचे दोन महिने तिला पाणी कोण पाजत होतं,
विचारू नकोस, तुला कळलंय.
किल्ली निंगव्वाच्या कमरेला होती.
मी खाली बसलो, तिच्या पायांजवळ.
ती म्हणाली, "ऊठ. ते माफ-बिफ मला जमायचं नाही.
किल्ली घे. मागच्या खोलीत गळतंय."

मी कौलं बदलली, मुदस्सर.
त्या दिवशी एवढंच केलं.
वर बसून गल्ली पहिल्यांदा वरनं बघितली:
कुणाचं अंगण कुठं संपतं, काही कळत नव्हतं.

आता मी पोरांशी बोलत फिरतो, तुला ठाऊक आहे.
कुणी खबऱ्या म्हणतं. मागल्या महिन्यात काच फुटली.
चौकीत अजून वहीत नाव आहे, महिन्याला सही.
मोकाशी मास्तरांनी वाचनालयात बोलावलं,
तर दोघं जण माझं पहिलं वाक्य व्हायच्या आत उठून गेले.
जाऊ देत. त्यांचा हक्क आहे.
पलीकडच्या आळीत शिवणकामवाल्याचा पोरगा आहे,
त्याच्याकडं त्याचं वाक्य आहे.
त्यातही "त्यांना" आहे. त्याच्याही आधी तोच थांबा.
त्याला कुणी आरशासमोर शिकवलं, मला माहीत नाही.
तुला मी शिकवलं.

ते परत म्हणून दाखव म्हणू नकोस.
माझ्या तोंडानं ते आता निघणार नाही.
इकडं ये. अब्बाच्या गादीत हात घाल.
खोल. अजून.
लागली? सरकी आहे ती. एकच.
मशीनला सापडत नाही, डोळ्याला दिसत नाही,
आणि म्हातारा म्हणतो, कूस बदलली तरी टोचतं.
मी भरली होती ही गादी, तुझ्या जन्माच्या साली.
घाईत भरली असणार.

काढ. वाटीत टाक. म्हशीला घालता येते,
फुकट नाही जात.
अब्बाला सांग, गादी परवा मिळेल.
आणि बस जरा, चहा येतोय.
शेवटची गाडी नऊला आहे.