हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात भरमूआजा येतात
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला.

वय एकशे एक.
डावा कान सांग्रो नदीच्या काठी राहिला,
उजव्या बाजूनं बोलायचं, तेही मोठ्यानं.
बेळगुंदीच्या तांबड्या मातीतून रताळी उकरून उकरून
बोटांवरच्या रेघा गेल्यात.
अंगठा ठेवला. जुळत नाही.
तर्जनी. जुळत नाही.
ओल्या फडक्यानं पुसून, फुंकर घालून, पुन्हा.
"तोफेला बी एवढा येळ लागत नव्हता की रे."

पिशवीतून फौजेचं पुस्तक निघतं, मेणकापडात बांधलेलं:
लान्स नाईक भरमू सातेरी बिर्जे,
तालुका बेळगाव, मुंबई राज्य.
सत्तावन्न साली पेटी डोक्यावर घेऊन उतरले
तर गाव जागेवर, विहीर जागेवर,
राज्य तेवढं पुढं सरकलेलं.
तेव्हापासून त्यांच्या नावाची तीन स्पेलिंगं आहेत,
एक बँकेत, एक आधारवर, एक कन्नड रेशनकार्डात,
आणि तिघांच्या वतीनं
हे एकटेच रांगेत उभे राहतात.

यंदा सर्व्हर बसला.
स्टुलावर बसून राहिले, टोपी गुडघ्यावर.
मग आपणहून म्हणाले,

"नागोजी कुद्रेमनीचा. एकोणीस वर्सांचा.
अक्षर येत नव्हतं त्याला,
बायकोला पत्र मी लिवायचो.
कुठं हाय ते लिवायचं न्हाई, हुकूम.
मग ऑलिव्हला आम्ही बोर म्हणायचो,
बर्फाला धुकं.
असाच नोव्हेंबर. नदीला पाणी चढलेलं.
दोर धरून पलीकडं जायचं, रातचं.
मी पोचलो.
दोर पोचला."

बाहेरून कोल्हापूरची एसटी गेली. थांबले.

"सरकारची तार काय लगेच येत नसती.
तवर दोन पत्रं घातली मी आणखी.
त्याच्या नावानं.
मी खुशाल आहे. म्हशीला जपा.
वेल बांधावर लावा, पाणी कमी द्या.
काय म्हणून लिवलं, अजून सांगता येत न्हाई.
हात लिवूलालता, मी बघूलालतो.

तार पोचली शिमग्याला.
दुसरं पत्र पोचलं तारंच्या मागनं, आठ दिवसांनी.
ती पत्र घेऊन कचेरीत उभी:
माझा माणूस जिता हाय, अक्षर बघा.
दोन वर्सं पेन्शनीच्या कागदावर अंगठा दिला न्हाई तिनं."

मी विचारलं, भेटला का तिला?

"सत्तावन्नला. चौदा वर्सं लागली मला
कुद्रेमनीला जायला. पाच मैल.
तिनं पाणी दिलं, गूळ दिला.
नाव सांगायला तोंड उघडलं
तर आतनं कागद घेऊन आली.
म्हणाली, फौजेतले दिसता, शिकलेले,
एवढं वाचून दाखवा.
गावातली पोरं घाईनं वाचतात."

"मग?"

"मग काय. वाचलं.
सावकाश वाचलं."

सर्व्हर आला.
डाव्या हाताची करंगळी ठेवली, उगाच, शेवटची म्हणून,
आणि यंत्रानं ती ओळखली.
हिरवी खूण. कागद गरम गरम बाहेर आला.
"वाच," म्हणाले.
मी नाव वाचलं, तारीख वाचली,
सदर व्यक्ती आज रोजी हयात आहे हे वाचलं.
उजवा कान पुढं करून ऐकलं त्यांनी सगळं
आणि घडी घालता घालता थबकले.
"खाली आणि काय लिवलंय?"
काही नाही, आजा. मोकळं आहे.
"बरं हाय. ऱ्हाऊ दे.
खुशाल-बिशाल काय घालू नको."

तीस रुपये मोजून ठेवले, नको म्हटलं तरी.
पिशवीतली चार रताळी टेबलावर ठेवली,
मातीसकट.