विड्याच्या पानाएवढं

वाईत, दुसऱ्या खोलीत,
विड्याच्या पानाएवढं चित्र.
काच रोज मी पुसते.
जहागीरदार लोडाला टेकलेले,
मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.
मागे खिडकी, खिडकीत कृष्णेचा घाट,
घाटावर एक ठिपका.
माशीची घाण समजून
दोन वर्षं घासला तो, वरून.

परवा साहेब भिंग विसरले.
ठिपक्याला पदर होता.
कोपरापर्यंत ओले हात,
आपटायला उचललेलं धोतर,
धोतरावर हिरव्या रंगाचा डाग,
न निघालेला.

पाठीवर मोडीत लिहिलंय म्हणे:
रखमाजी चितारी, मजुरी साडेतीन रुपये,
खारीच्या केसांचा कुंचला वेगळा.
बाईचं काहीच नाही.

आता तेवढ्या जागी
फडकं हळू फिरवते मी.
धोतर अजून खाली आलेलं नाही.