लाईन

डॉक्टर म्हणाले, मेंदूतला बोलण्याचा भाग गेलाय,
बाकी माणूस शाबूत.
आईने विचारलं, म्हणजे फीडर गेलाय,
ट्रान्सफॉर्मर ठीक आहे ना?
एकतीस वर्षं लाईनमनशी संसार केलेली बाई
आणखी कशी विचारणार.

चौथ्या दिवशी नानांनी तोंड उघडलं.
लाईन.
एवढंच.
मराठी सगळी गेली, आईचं नाव गेलं,
माझं बारशाचं गेलं, हाकेचंही गेलं,
चांदवडहून आणलेल्या शिव्या गेल्या,
हा एक परका शब्द तेवढा
खांबाला मिठी मारून राहिला.

तसा तो घरात नवा नव्हता.
नळाला लाईन दिवसाआड यायची,
मोठी आत्या पोलीस लाईनीत राहायची,
दहावीनंतर येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा
कुठल्या लाईनला जाणार,
आणि गिरणीवाल्या थेटेंचा भूषण
मला लाईन मारतो हे कळल्यावर
नाना त्याच्या वडिलांना जाऊन म्हणाले होते,
पोराला लाईनवर आणा, नाहीतर मी आणतो.
भूषण पुढे द्राक्षांच्या लाईनमध्ये गेला.
मोहाडीच्या अलीकडे बाग आहे त्याची.
एसटीतून पाहिलं तर एकेक लाईन
शेवटापर्यंत सरळ दिसते, आणि मग निघून जाते.

आता चहा हवा : लाईन.
चहा आला, त्यात साखर नाही,
तर तोच शब्द, शेवटचा न ओढत नेलेला.
पाठ खाजते : लाईन लाईन,
वर, अजून वर, नाही, खाली.
सिन्नरच्या मामांचा फोन आला की कानाला लावून
मोठ्यांदा, लाईन?
मग पलीकडचं ऐकत, मान हलवत,
लाईन... लाईन... हं, लाईन.
मामा म्हणतात, दाजी आज खूप बोलले.

आईला आठवड्यात सगळं कळायला लागलं.
मला नाही.
चष्म्याऐवजी पाणी, पाण्याऐवजी भांडं,
मी चुकीचंच आणून द्यायचे
आणि ते डोळे मिटून घ्यायचे,
साहेब समोर मूर्खासारखं बोलत असला की मिटायचे तसे.

मंगळवारी सानप मॅडम येतात, चित्रांची कार्डं घेऊन.
कप. लाईन.
छत्री. लाईन.
तारेवर बसलेला कावळा. लाईन!
मॅडमनी तिथेही फुली मारली.
मी अर्धा मार्क मागितला.
त्या हसल्या नाहीत.

नोकरीत होते तेव्हा नाना नव्या पोरांना सांगायचे,
परमिट खिशात असो, साहेब बंद म्हणो,
तारेला आधी उलटा हात लावायचा.
तळव्याने धरलं तर मूठ मिटते,
मग तार माणसाला सोडत नाही.
हे ते जेवताना सांगायचे.
भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा.

परवा रात्री अख्ख्या म्हसरूळची लाईन गेली.
दिंडोरी रोड काळा,
समोरच्या बिल्डिंगची लिफ्ट मध्येच अडकलेली,
कुणीतरी आतून दार वाजवतंय.
पलंगावरून आवाज आला, लाईन.
आठ महिन्यांत पहिल्यांदाच
त्या शब्दाला लाईनच म्हणायचं होतं.
आई अंधारात हसली,
मग हसायची थांबली.

मी मेणबत्ती शोधायला उठले नाही.
त्यांच्याजवळ बसले.
डावा हात, चालतो तो,
चादरीवरून सरकत आला,
माझ्यापाशी येऊन उलटा झाला
आणि बोटांच्या मागच्या बाजूने
माझ्या मनगटाला हलकेच टेकला.
थांबला.

आहे, नाना, मी म्हणाले.
लाईन आहे.