बाडात तलवार नाही

कातळशीच्या जेटीवर मी तिकिटं फाडते.
जाऊन-येऊन साठ रुपये, पोरांना अर्धं,
कोटाची गोष्ट फुकट.

गोष्ट माझा भाचा सांगतो, इंजिनावर पाय ठेवून:
भानुबाई नाटेकर, किल्लेदाराची विधवा,
एकोणीस दिवस झुंजली टोपीकरांच्या सहा गलबतांशी,
मोकळ्या केसांनी, नागवी तलवार घेऊन बुरुजावर.
लोक मोबाइल वर करतात.
तेवढ्यात होडी खडकाला लागते.
विसावा दिवस कुणी विचारत नाही.

गेल्या शिमग्यात पेडणेकर सरांनी
मोडी लावून एक बाड वाचलं,
खारानं फुगलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
त्यात तलवार नाही.
उकडा तांदूळ तीन खंडी, पैकी भिजला एक.
आमसुलं दोन मण.
खोबरेल, जखमांस व दिव्यांस. दिवे कमी करणे.
लुगडी अकरा, फाडून तोफा पुसण्यास,
पैकी चार बाईंची स्वतःची.

मग नुसती नावं.
राघो सारंग, पडला. बायको आहे, पोटुशी.
इब्राहिम गोलंदाज, पडला. आई आहे.
धाकू भंडारी, पडला. कोणी नाही,
विहिरीवरचं कुत्रं सोबतीस असे.
नावापुढे थकलेला पगार,
एक आणा इकडचा तिकडे नाही.

वैशाख वद्य अष्टमी, भांगाची ओहोटी.
बाईनं दरवाजा उघडला.
किल्ल्या ताटात, ताटाखाली यादी.
कप्तानानं तोफा मोजल्या, गोळे मोजले.
बाई म्हणाली, आता हे मोजा.
एकोणचाळीस माणसं, सात महिने.
आमच्या सरकारनं दिले नाहीत, तुम्ही द्याल.
नाहीतर गोड्या पाण्याची विहीर
कुठल्या चिऱ्यांखाली झाकलीय
ते शोधत बसा पावसापर्यंत.

त्यानं सही केली. बाडात आहे ती,
आडवी, परकी, मुंगळ्यासारखी.

तिला फितूर म्हणाले.
सगळ्यात आधी त्यांनी,
ज्यांनी सात महिने छदाम धाडला नव्हता.

आता पंचायतीला तिचा पुतळा हवाय.
कोल्हापूरचा मूर्तिकार येऊन गेला,
तलवार उजव्या हातात की डाव्या, एवढंच विचारलं.
कुणी घोडाही सुचवला. कोटावर घोडा!
चहूकडे पाणी,
बाई काय लाटांवरून दौडणार होती?
मागच्या खुर्चीतून मी म्हटलं,
हातात दौत-लेखणी द्या.
हसले सगळे. सरपंच म्हणाले,
लेखणीसोबत फोटो कोण काढील गं?

माझा भाऊ गल्फच्या बोटीवर खलाशी होता.
पेटी आली, पगार आला नाही.
दर सोमवारी मी एजंटाला फोन करते,
साहेब, बघा ना जरा, म्हणते,
आणि तो बघतो म्हणतो.

विहीर मी सगळ्यांना दाखवते.
पाणी अजून गोड आहे,
वर प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतात तरी.
या सोमवारी तिच्या काठावरूनच फोन लावला.
साहेब म्हटलं नाही, जरा म्हटलं नाही.
नाव सांगितलं, बोट सांगितली, महिने सांगितले,
आकडा सांगितला, सुट्ट्या पैशांसकट.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

सहाची फेरी. उतारू चौदा.
लिहून ठेवलं.