तेरावा चॅनल

भाच्यानं डॅलसहून पाठवलेला लॅपटॉप
तीन दिवस टेबलावर नवऱ्या मुलासारखा बसून आहे.
त्याला सगळं दिसतं.
शेजारच्या कुडचींचं वाय-फाय दिसतं,
कोपऱ्यावरच्या मेडिकलचं दिसतं,
मागल्या गल्लीतल्या मागवाल्यांचं सुद्धा,
कौलांवरून, भिंतीतून, खटखटाटातून.
फक्त आमचंच नाही.

आमचं म्हणजे कपाटावर,
साडीच्या रिकाम्या खोक्यावर ठेवलेलं
ते दोन शिंगांचं काळं डबडं.
हातभर अंतर.
हिरवं लुकलुकतंय, बोलतंय,
आणि काच तडकलेल्या माझ्या जुन्या फोनला
ते स्वयंपाकघरातूनही ऐकू जातं.

मी बंद केलं. चालू केलं.
ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
पासवर्ड बदलला, तो कुणी विचारतच नव्हतं तरी.
दोन काठांची डिझाइनं इचलकरंजीला जायची होती,
रुईफुलाचा एक, आणि एक नुसत्या रेघांचा,
तिकडून फोनवर फोन.

चौथ्या दिवशी शहापुरातून बसलिंग आला.
खिशात स्क्रूड्रायव्हर होता, काढलाच नाही.
पाच मिनिटं नुसता बघत बसला, मग म्हणाला,
"अक्का, तुमचं डबडं तेरा नंबरवर बोलूलालंय.
ह्याला अकराच्या पुढं ऐकूच येत नाही.
ह्याच्या देशात तेवढीच परवानगी."

खराब आहे?

"छे. कान चांगलाय. कानावर शिक्का तिकडचा."

मी हसले. मग हसू थांबलं.
आमच्या चौगुल्यांतला च चमच्यातला.
बिल द्यायला येणारा पोरगा
तो चहातला म्हणून हाक मारतो, वीस वर्षं,
त्याच्या आधी त्याचा बाप मारायचा.
त्यांच्या जिभेवर तो च नाही, त्याला ते काय करणार.
मी ओ देते.

"शिक्का बदल की मग."
"आतून मारलाय. आपणच खाली यायचं."
आपणच का, असं अगदी ओठांवर आलं होतं.
पण रुईफुलं वाट बघत होती.

सहावर आणूया म्हणाला, मग स्वतःच नको म्हणाला,
सहावर अख्खी गल्ली बसलीय, मेडिकलसकट.
"अकरावर ठेवतो. काठावर.
ह्याला ऐकू येतं त्यातलं शेवटचं घर."

डबड्याचे दिवे विझले.
घरात एकदम मागांचा आवाज मोठा झाला,
किंवा तेवढाच होता आणि मला तेव्हा ऐकू आला.

"बंतु नोडरी," बसलिंग म्हणाला,
आणि यादीत सगळ्यांच्या खाली
आमचं नाव होतं.

चहा पिऊन, शंभर रुपये घेऊन तो गेला.
काठ गेले. रेघांचा आधी, रुईफुलाचा मागून.

रात्री फोन हातात घेतला,
त्याला आता नव्यानं सांगावं लागेल म्हणून.
त्यानं काही विचारलंच नाही.
तेरावरून अकरावर तो कधी आला,
मला कळलंसुद्धा नव्हतं.