कथित

कामगार न्यायालयाच्या भिंतीला लागून
कडूनिंबाखाली माझं टेबल. सव्वीस वर्षं.
एक पाय विटेवर,
मशीनवर ओला पंचा,
नागपूरच्या उन्हात लोखंड बोटाला चावतं.

दोन्ही बाजूंचं मीच टाइप करतो.
सकाळी युनियनचं निवेदन,
दुपारी ठेकेदाराचा खुलासा,
कधी कधी दोन्हींतला तिसरा परिच्छेद
शब्दाला शब्द तोच.
मी बोलत नाही. पानाचे पंधरा रुपये,
कार्बनचे वेगळे.

लोहकरे वकील एवढंच बजावतात:
कथित टाकायला विसरायचं नाही.
पाच ठोक्यांचा शब्द.
कथित अपहार. कथित संगनमत.
अध्यक्षांच्या पुतण्याला मिळालेला कथित ठेका.
अध्यक्षांच्या बेश्यातल्या घरात लिफ्ट आहे,
ती नुसतीच लिफ्ट,
तिच्याआधी काही लावावं लागत नाही,
कारण ती कुठल्याच अर्जात येत नाही.

ऑक्टोबरात पंचफुला गेडाम आली,
भांडेवाडीहून दोन ऑटो बदलून.
पिशवीत हजेरीपटाच्या झेरॉक्स,
माहितीच्या अधिकारात सात महिन्यांनी मिळालेल्या,
आणि त्यांवर सांडलेली थोडी हळद.
एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, वाचा.
इस्तारी गेडाम, सफाई, पाळी पहिली.
ह ह ह ह ह ह, सुट्टी,
ह ह ह ह ह ह, सुट्टी.
वर्षभर एक खाडा नाही.

"मांगच्या साली मारबतीच्या दिवशी गेला ना तो," ती म्हणाली.
"मेयोत. पोटात पाणी झालतं.
रस्ते बंद होते, मिरवणूक होती,
बॉडी संध्याकाळी भेटली."

पगार निघतो. तो कोण घेतं ते कथित.
पगारातून युनियनची वर्गणी कटते,
तिला मात्र पावती आहे, शिक्का आहे,
आणि यंदाच्या पावतीवर वीस रुपये जास्तीचे:
बडग्या निधी.
मला तो बडग्या आठवला. इतवारीत पाहिला होता,
काळा गॉगल, पोटात दोन उशा,
गळ्यात पाटी 'भ्रष्टाचार',
पुढे अध्यक्ष, फेटा बांधून,
घेऊन जा गे मारबत, बेंबीच्या देठापासून.
मग त्याला पेटवलं.
त्यात इस्तारीचेही वीस रुपये जळाले,
त्याच्याच वर्षश्राद्धाला.

मी कागद चढवला. मार्जिन लावली.
सव्वीस वर्षांची बोटं, ती विचारत नाहीत:
'अर्जदाराचा कथित मयत पती...'
थांबलो. तिनं पाहिलं.
सातवीपर्यंत शिकली होती, अक्षरं लावून वाचलं.

"कथित म्हंजे काय जी?"

म्हणजे, म्हटलं, तसं म्हणतात. लोक म्हणतात.
अजून ठरायचं आहे.

ती बराच वेळ निंबाकडे पाहत राहिली.
मी खोडायला शाई काढली
तर हात धरला तिनं.
"राहू द्या मंग तसंच.
ठरलं नसंन तं मले एवढंच लिहून द्या,
तो कोन्या रस्त्यावर झाडून रायला?
मी डबा घेऊन जातो.
अंबाडीची भाजी खाय तो, थंडी झाली तरी.
अन् त्याची चप्पल घरीच हाये,
तं पायात काय घालते?"

वकील म्हणाले, हे प्रार्थनेच्या नमुन्यात बसत नाही.
मी टाइप केलं.
पंधरा रुपये घेतले. तेही सांगायला हवं.

सोमवारी अध्यक्षांचा माणूस आला,
तोंडात खर्रा, हातात खुलासा.
'सदर कामगार आजतागायत नियमित हजर असून
त्याची नेमणूक'
आणि इथं कच्च्या मसुद्यात लगेच पूर्णविराम.
मी पूर्णविराम टाइप केला नाही.
रिबन सरकवली, पट्टी दाबली,
एक, दोन, सात, दहा,
एखाद्या रस्त्याचं नाव मावेल एवढी जागा सोडली.

त्यानं कोपऱ्यात पिंक टाकली, वाकून पाहिलं.
"हे कोरं काहून ठेवलं बे?"